बाळंतपण कोठें करावें ?

घरांत लेक किंवा सून गरोदर आहे असें कळलें, कीं आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न घरांत येतो. बाळंतपण कोठें करावें, हा तो प्रश्न. डोहाळजेवणाच्या बेताला जेवढा वेळ दिला जातो तेवढा पुष्कळ कुटुंबांत या प्रश्नाला मिळत नाहीं. आणि जो मिळतो तोही भलत्याच गोष्टींच्या चर्चेंत खर्च होतो. माहेरचीं माणसें म्हणतात, पहिलें बाळंतपण आमच्याकडेच व्हावयाचें, ही रीत आहे. सासूबाई म्हणतात, माझीं दोन्ही बाळंतपणें ज्या डॉक्टरीणबाईंनीं केलीं त्यांचेंच प्रसूतिगृह आतां त्यांच्या सूनबाई चालवितात, तेव्हां दुसरीकडे जाण्याचें कारणच काय ? थोरल्या जाऊबाईंना मिळालेली खोली प्रशस्त व वातानुकूलित होती. धाकट्या भावोजींनीं चार ठिकाणचे दर मोबाइलवर पाहून ठेवलेले असतात. जिचें बाळंतपण व्हावयाचें ती मात्र या बैठकींत सर्वांत कमी बोलते.

यांतील एकही विचार सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ओळखीच्या माणसाचा धीर असतो, स्वच्छ व हवेशीर खोलीनें बाळंतिणीला बरें वाटतें, आणि खर्चाचा विचार तर प्रत्येक संसारी माणसाला करावाच लागतो. परंतु हे सर्व विचार, बाळंतपण सुखरूप पार पडणारच, असें गृहीत धरून केलेले असतात. बहुतेक बाळंतपणें सुखरूप पार पडतात, हें सुदैवानें खरें आहे; आणि त्यामुळेंच बहुतेक प्रसूतिगृहांचें नांवही चांगलें असतें. सरळ बाळंतपणाच्या वेळीं चांगल्या व सामान्य प्रसूतिगृहांतील अंतर डोळ्यांना दिसत नाहीं. तें दिसतें अवघड वेळीं, आणि तेव्हां निवड करण्याची संधि हातची गेलेली असते. म्हणून प्रसूतिगृह निवडावयाचें तें अवघड वेळ डोळ्यांपुढें ठेवून, हें एकच सूत्र या लेखांत आमच्या वाचकांपुढें मांडावें असा आमचा हेतु आहे.

माजघरापासून प्रसूतिगृहापर्यंत

आपल्या आज्या-पणज्यांचीं बाळंतपणें घरींच झालीं. माजघरालगतची अंधारी खोली, कोपऱ्यांत शेगडी, ओव्याची व बाळंतशेपांची धुरी आणि एक अनुभवी सुईण, एवढाच त्यांचा सरंजाम असे. त्या खोलींतील माया खरी होती. पण अडलेल्या बाळंतिणीला तेथें उपाय नव्हता. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहाच दिवस जगला. पुढें त्या अमेरिकेंत जाऊन डॉक्टर झाल्या; १८८६ सालीं पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो हिंदु समाजांतील प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय सुरू झालें. परळचें नौरोजी वाडिया प्रसूतिरुग्णालय १९२६ सालचें. घरचा उंबरठा ओलांडून परक्या ठिकाणीं बाळंत होण्याचा संकोच त्या काळीं लहानसहान नव्हता. तरी स्त्रिया तेथें जाऊं लागल्या, कारण तेथून आई व मूल दोघेंही परत येण्याची आशा अधिक होती.

आज हा पालट जवळजवळ पुरा झाला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शेंकडा ९४.७ बाळंतपणें रुग्णालयांत किंवा प्रसूतिगृहांत झाल्याचें आढळलें. २०१८–२० या काळांत आपल्या राज्यांत दर लाख जन्मांमागें ३३ माता दगावल्या; सबंध भारताचा तोच आंकडा ९७ होता. घरीं कीं बाहेर, हा वाद आतां उरलेला नाहीं. परंतु ज्या ३३ घरांतून सून किंवा लेक गेली, त्यांतील बहुतेकींनाही कोणत्या ना कोणत्या रुग्णालयांत नेलेलें असणारच. म्हणून ‘बाहेर’ एवढें ठरवून भागत नाहीं. बाहेर कोठें, हें ठरवावें लागतें.

मोठी इमारत व पुष्कळ डॉक्टर असले म्हणजे झालें, असें मानणाऱ्यांनीं व्हिएन्ना शहराची एक जुनी हकीकत ध्यानांत ठेवावी. तेथील मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा सुमारें ११ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यांत शेंकडा सुमारें ३. शहरांतील गरीब बायकांना हें ठाऊक होतें. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या पायां पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरानें १८४७ सालीं कारण ओळखलें. डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनीं बाळंतिणींना तपाशीत होते. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम त्यानें घातला, आणि १८४८ सालीं दोन्ही विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें १ वर आलें. इमारत तीच, डॉक्टर तेच. बदलली ती एक संवय.

प्रसूतिगृह पाहावयास जातांना बैठकीच्या खोलीपेक्षां अशा संवयींकडे पाहावें. प्रसूतिकक्षाजवळ वाहतें पाणी व साबण आहे काय, परिचारिका एका बाईकडून दुसरीकडे जातांना हात धुते काय, स्वच्छतागृह कसें आहे, एवढें पाहिलें तरी त्या घरचें वळण कळतें.

रात्रीं दोन वाजतां

अवघड वेळ म्हणजे काय, तें स्पष्ट सांगितलेलें बरें. बाळंतिणीचा मोठा वैरी म्हणजे रक्तस्राव. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारें अर्धा लिटर रक्त जात असतें. वार पडल्यावर गर्भाशय आकसून घट्ट होतो व रक्तवाहिन्यांचीं तोंडें आवळलीं जातात. तो आकसलाच नाहीं, तर बाईच्या अंगांतील पांच-सहा लिटर रक्त किती वेळ पुरेल, याचा हिशेब कोणालाही करतां येईल. जिच्या सर्व तपासण्या उत्तम होत्या तिलाही हा प्रसंग येऊं शकतो, आणि बाळंतपण वेळ पाहून येत नाहीं. तेव्हां दुपारीं अकरा वाजतां जें प्रसूतिगृह आपण पाहतों, तें रात्रीं दोन वाजतां कसें असतें, हें विचारून घेतलें पाहिजे.

पहिला प्रश्न रक्ताचा. येथें रक्ताचा सांठा आहे काय ? नसल्यास जवळची रक्तपेढी किती अंतरावर आहे, आणि रात्रीं रक्त आणावयास कोण जातें, रुग्णालयाचा माणूस कीं बाळंतिणीचा नवरा ? मूल होतांच आईला ऑक्सिटोसीनचें इंजेक्शन देण्याचा परिपाठ आहे काय ? गर्भाशय आकसविणारें हें औषध २ ते ८ अंश उष्णतामानांत, शीतकपाटांत ठेवावें लागतें. वैशाखांत मेजावर पडून राहिलेल्या कुपीवर विसंबतां येत नाहीं. गेलेलें रक्त नजरेनें अंदाजतात, कीं खुणा असलेल्या पिशवींत मोजतात ? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आफ्रिकेंतील चार देशांत झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, रक्त मोजून सर्व ठरलेले उपाय एकदमच सुरू केल्यानें, भारी रक्तस्राव व त्याचे घोर परिणाम शेंकडा ६० नीं कमी झाले. पिशवीची किंमत फारशी नाहीं. किंमत आहे ती वेळेवर कळण्याला.

दुसरा प्रश्न माणसांचा. दारावरच्या पाटीवर पुष्कळ नांवें असतात. त्यांपैकीं रात्रीं हांकेच्या अंतरावर किती असतात? शस्त्रक्रिया करणें भाग पडलें तर भूल देणारे डॉक्टर किती वेळांत येतील ? प्रसूतिकक्षांत रात्रभर शिकलेली परिचारिका असते, कीं पांढरा पोशाख घातलेली एकादी अननुभवी मुलगी ? डॉक्टरीणबाई बाहेरगांवीं गेल्या असतील तर त्यांच्या जागीं कोण येतें, आणि त्यांना आपली माहिती असते काय ?

तिसरा प्रश्न बाळाचा. साधारणतः दहा बाळांपैकीं एकाला पहिला श्वास घेण्यास कांहीं ना कांहीं मदत लागते. अंग पुसून चोळणें, क्वचित् पिशवी व मुखवट्यानें हवा देणें. ही मदत पहिल्या मिनिटांत मिळाली पाहिजे. शंभरांत सुमारें एकाला याहून पुष्कळच अधिक उपचार लागतात. तेव्हां प्रसूतीच्या वेळीं बाळासाठीं वेगळें, शिकलेलें माणूस हजर असतें काय, आणि बाळाला नवजात अतिदक्षता विभागांत ठेवण्याची पाळी आली तर तो विभाग याच इमारतींत आहे कीं शहराच्या दुसऱ्या टोंकाला, हें आधीं कळलेलें बरें. आई एका रुग्णालयांत व मूल दुसऱ्या, हा प्रसंग ज्या कुटुंबावर आला असेल त्याला या प्रश्नाचें महत्त्व सांगावयास नको.

चौथा प्रश्न पुढें पाठविण्याचा. लहान प्रसूतिगृहांत सर्वच सोई असणें शक्य नाहीं, आणि तो दोषही नव्हे. आपल्या मर्यादा ओळखून, वेळ हातांत आहे तोंच रोग्याला मोठ्या ठिकाणीं पाठविणारा डॉक्टर हा चांगला डॉक्टर होय. कोठें पाठवितां, कोणत्या वाहनानें, सोबत कोण जातें, हें मोकळेपणानें विचारावें. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ सालापासून आहे; पण तिच्याबरोबर तेथील डॉक्टरांचा एक फोन व नीट लिहिलेला कागद पुढें गेला, तरच पुढच्या ठिकाणीं तयारी होते. जें उत्तर शांतपणें व तपशीलवार येतें त्यावर विश्वास ठेवावा. ‘आमच्याकडे असें कधीं होतच नाहीं’ या उत्तरावर मात्र ठेवूं नये.

रक्तदाब, मधुमेह, जुळें, वार खालीं असणें, किंवा पूर्वींचें सिझेरियन, यांपैकीं कांहीं असेल, तर आरंभापासूनच सर्व सोयींचें मोठें रुग्णालय धरावें. सुशिक्षित घरांतून सरकारी रुग्णालयाचें नांव निघालें कीं नाकें मुरडलीं जातात. परंतु रक्तपेढी, भूलतज्ज्ञ व बाळांचा विभाग हीं तिन्ही चोवीस तास एका छपराखालीं जेथें मिळतात त्या ठिकाणांत मोठीं सार्वजनिक रुग्णालयें येतात, आणि खासगी प्रसूतिगृहांतून अडलेल्या बायका अखेर पुष्कळदां तेथेंच नेल्या जातात. २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानें सरकारी रुग्णालयांतील बाळंतपण, औषधें, रक्त व आहार विनामूल्य केला आहे. तेथें गर्दी आहे, खोली खासगी नाहीं, हें खरें. पण निवड करतांना त्याचें नांव यादींत असूं द्यावें.

पाटी, कागद आणि दर

प्रसूतिगृहाची नोंदणी आहे काय, हें विचारण्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत यासाठीं १९४९ सालापासून शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आहे, व नोंदणीचें प्रमाणपत्र दर्शनी जागीं असावयास हवें. याखेरीज स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनें खासगी प्रसूतिगृहांसाठीं ‘मान्यता’ नांवाचा उपक्रम चालविला असून, त्यांत बाळंतपणाच्या काळजीचे १६ दंडक तपासले जातात. सरकारी रुग्णालयांसाठीं २०१७ सालीं सुरू झालेला ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आहे. असें प्रमाणपत्र असलें म्हणजे सर्व कांहीं निर्दोष असें नव्हे. पण बाहेरच्या कोणीतरी येऊन पाहिलें आहे, एवढा भरंवसा त्यानें मिळतो.

दराविषयींही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजकाल ‘पॅकेज’ म्हणून एकच रक्कम सांगितली जाते. ती कशाची, हें लेखी घ्यावें. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधें, बाळाच्या तपासण्या, सिझेरियन झाल्यास वाढणारे दिवस, यांतील काय आंत व काय बाहेर, हें ऐन वेळीं कळण्याइतकी मनस्तापाची दुसरी गोष्ट नाहीं. कुटुंबाची ऐपत पाहून खोली घ्यावी; खोलीच्या हौसेपायीं हाताशीं ठेवावयाची रक्कम संपवूं नये.

शस्त्रक्रिया आणि मुहूर्त

सिझेरियननें लाखों माता व मुलें वांचलीं आहेत, आणि गरज असतां ती करावयास उशीर करणें हा अपराधच आहे. परंतु गरज नसतां ती केली तर पोटावरची मोठी शस्त्रक्रिया, अधिक रक्तस्राव, आणि पुढच्या खेपेस वार भलत्या जागीं चिकटण्याचा धोका, एवढें बाईच्या वांट्याला येतें. वर उल्लेखिलेल्या पाहणींत भारतांतील खासगी ठिकाणीं शेंकडा ४७.४ बाळंतपणें शस्त्रक्रियेनें झालीं, सरकारी ठिकाणीं १४.३. एका समाजांत हें प्रमाण शेंकडा १० च्या वर गेल्यानें माता व बालकांचे मृत्यु आणखी कमी होतात असें दिसत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें. तरी केवळ आंकड्यावरून डॉक्टरांना दोष देऊं नये. जेथें अवघड बायका येतात तेथें आंकडा मोठा असणारच. विचारावयाचें तें असें: पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले, बाळाचें डोकें खालीं, अशा बायकांपैकीं किती जणींना शस्त्रक्रिया लागते, आणि ती कोणत्या कारणांनीं ?

घाई हेंही एक कारण असतें. कळा सुरू झाल्या कीं दर तासाला अमुक इतकी प्रगति झालीच पाहिजे, ही जुनी मोजपट्टी सर्वांना लागू पडत नाहीं, असें २०१८ सालच्या जागतिक मार्गदर्शनांत स्पष्ट केलें आहे. पहिलटकरणीला वेळ लागतो. आई व बाळ ठीक असतील तर वाट पाहण्याची तयारी डॉक्टरांची हवी. आणि घरच्यांचीही हवी. दर अर्ध्या तासानें ‘अजून किती वेळ ?’ म्हणून विचारणारे नातेवाईक कधीं कधीं शस्त्रक्रियेला आपणच निमंत्रण देतात.

मुहूर्ताची गोष्ट याहूनही नाजूक आहे. सुशिक्षित घरांतूनही चांगल्या नक्षत्रावर मूल व्हावें म्हणून दिवस व घटका ठरवून शस्त्रक्रिया करून घेण्याची चाल पडली आहे. ज्योतिषाच्या खरेखोटेपणांत आम्ही शिरत नाहीं. आम्ही एवढेंच सांगतों, कीं ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वीं कारणावांचून बाहेर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक होतो, आणि पहांटेचा मुहूर्त साधण्यासाठीं अपुऱ्या माणसांत शस्त्रक्रिया करणें शुभ म्हणतां येणार नाहीं. जें प्रसूतिगृह असा आग्रह नम्रपणें नाकारतें, त्याला एक गुण अधिक द्यावा.

बाईची वागणूक

वेदनेंत असलेल्या बाईशीं कसें बोललें जातें, ही दुय्यम बाब समजूं नये. ओरडणें, टोमणे मारणें, न विचारतां तपासणें, पडद्यावांचून निजविणें, हे प्रकार घडतात. आणि ज्या बाईवर ते घडतात ती दुखणें सांगावयासही भिते. भीतीनें न सांगितलेलें दुखणें हेंच पुढें जिवावर बेततें. जवळ कोणी आपलें माणूस बसलें तर कळा सोसणें सोपें जातें. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळीं एक सोबतीण असूं देण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालीं अनुमति दिली आहे. मग खासगी ठिकाणीं ती कां नसावी? ती सोबत आईची असावी, सासूबाईंची, बहिणीची कीं पतीची, हें गरोदर बाईनें सांगावें. सरसकट टांक्याचा छेद देणें किंवा पोटावर जोरानें दाब देणें या गोष्टी आतां योग्य मानल्या जात नाहींत. त्यांविषयीं आधींच विचारणें हें उद्धटपणाचें लक्षण नव्हे.

माहेर कीं सासर ?

पहिलें बाळंतपण माहेरीं, या रीतींत मोठें शहाणपण आहे. आईजवळ लेकीला झोंप लागते, मागावयास लाज वाटत नाहीं. परंतु माहेर एकाद्या लहान गांवीं असेल, आणि तेथून रक्त व भूलतज्ज्ञ दोन तासांच्या अंतरावर असतील, तर रीतीचा अर्थ जपून तिचें रूप बदलावें. लेकीनें आईकडे जाण्याऐवजीं आईनें लेकीकडे यावें. जांवयाच्या घरीं महिनाभर कसें राहावें, हा जुना संकोच आतां सोडावयास हरकत नाहीं. आणि विहीणबाईंचें स्वागत मोकळ्या मनानें करणें हें सासरच्यांचें काम आहे. माहेरींच जावयाचें ठरलें तर सातव्या-आठव्या महिन्यांत जाऊन तेथील प्रसूतिगृहांत नांव घालावें, व सोनोग्राफी, रक्तगट, रक्तदाबाच्या नोंदी यांचे सर्व कागद बरोबर न्यावे. नवव्या महिन्यांत, कळा सुरू झाल्यावर, अनोळखी डॉक्टरांपुढें कागदांवांचून उभें राहणें हें निष्कारण संकट ओढवून घेणें आहे.

मूल झालें, पुढें काय ?

पेढे वांटले कीं घरच्यांना वाटतें, सुटलों. परंतु बाळंतिणीचा धोका मूल झाल्याबरोबर संपत नाहीं. पहिले चोवीस तास हेच सर्वांत जपण्याचे असतात. म्हणून सरळ बाळंतपण झालें तरी निदान चोवीस तास प्रसूतिगृहांत राहावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे अठ्ठेचाळीस तासांचा मुक्काम इष्ट समजतात. ‘उद्यां सकाळीं घरीं सोडतों’ हें ऐकून आनंद मानण्यापूर्वीं, या मुक्कामांत काय काय करतात, हें विचारावें.

मूल जन्मतांच आईच्या उघड्या अंगावर ठेवतात काय, आणि तासाच्या आंत अंगावर पाजतात काय ? पहिला पिवळसर चीक टाकून देण्याची चूक आतां कोणी करूं नये. तीच बाळाची पहिली लस होय. मध, साखरपाणी, घुटी यांची बाळाला गरज नाहीं, व वर्षाच्या आंतील मुलाला मध धोक्याचा आहे. पहिलें न्हाणें एक दिवस पुढें ढकलावें. दूध येत नाहीं अशी तक्रार पहिल्या दिवशीं बहुतेक बायका करतात. त्या वेळीं परिचारिका बाळाला छातीशीं धरावयास शिकविते, कीं पावडरीचा डबा आणावयास सांगते, यावरून त्या प्रसूतिगृहाची पारख होते. १९९२ सालच्या कायद्यानें या डब्यांची जाहिरात करण्यास व ते नमुने म्हणून वांटण्यास बंदी आहे. बाळाला चोवीस तासांच्या आंत हेपटायटिस-बीची लस, शिवाय बीसीजी, पोलिओचे थेंब व व्हिटॅमिन-के मिळालें पाहिजे. आईचा रक्तगट निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आंत अँटी-डीचें इंजेक्शन. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावयाची असते. तीही प्रसूतिगृहानें केली कीं नाहीं, हें पाहावें.

घरीं आल्यावर प्रसूतिगृहाशीं संबंध तुटूं नये. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, दुसऱ्या आठवड्यांत व सहाव्या आठवड्यांत आई व बाळ दोघांची तपासणी व्हावी. बाळाची कावीळ तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं वाढते, म्हणजे नेमकी घरीं आल्यावर. आईचें एक कापड तासाच्या आंत भिजणें, ताप, दुर्गंधियुक्त स्राव, डोकें सडकून दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी, एका पोटरीला सूज, दम लागणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर बारशाचे पाहुणे सोडून आधीं डॉक्टर गांठावा. त्याचप्रमाणें बाळंतीण उगीच रडते, बाळाकडे पाहत नाहीं, झोंपत नाहीं, हें लाडावलेपण नव्हे, दुखणें असूं शकतें. अशा वेळीं रात्रीं फोन उचलणारें कोणी त्या प्रसूतिगृहांत आहे काय, हें नांव घालतांनाच विचारून ठेवावें.

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, तेल लावणें, सव्वा महिन्याची विश्रांति, या आपल्या चांगल्या गोष्टी आहेत. त्या अवश्य राखाव्या. बंद खोलींतील कोळशाची शेगडी मात्र सोडावी, कारण तिचा विषारी वायु दिसत नाहीं, व माणूस झोंपेंतच गुदमरतो. पाणी तोडण्याची चालही सोडावी. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी अधिकच लागतें.

निर्णय कोणाचा ?

शेवटीं बैठकीकडे वळूं. सहावा महिना संपण्यापूर्वीं दोन-तीन ठिकाणें प्रत्यक्ष पाहावीं. जिचें बाळंतपण आहे तिनें, तिच्या पतीनें व घरांतील एका वडील बाईनें मिळून जावें; वर सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून न्यावे व उत्तरें लिहून आणावीं. मग सर्वांनीं मिळून बोलावें. सासूबाईंचा अनुभव, आईची माया, भावोजींचा हिशेब, यांपैकीं कांहींही वायां जाणार नाहीं. परंतु शेवटचा शब्द तिचा असावा. इतरांचें मत चुकलें तर त्यांना हळहळ वाटेल. तिला मात्र तें अंगावर भोगावें लागेल.

यांतील बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें कदाचित् कधींच उपयोगी पडणार नाहींत. मूल सरळ होईल, रक्त लागणार नाहीं, रुग्णवाहिका येणार नाहीं, आणि बाराव्या दिवशीं पाळणा म्हणतांना हा कागद कपाटांत कोठेंतरी पडून राहील. तसेंच व्हावें, हीच आमची इच्छा आहे. पण कागद लिहिलेला असावा.